स्लो कुकरमधलं सॉसेज रबरासारखं का होतं, आणि ऑफिसच्या दिवशी काय करायचं

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या भाषेत मांडतो, म्हणजे मी बरोबर समजलोय का ते कळेल. तुम्ही कॅनडात किचनरला राहता, दोघंही नोकरीवाले, सकाळी साडेसातला घर सोडता आणि मुलांना घेऊन परत यायला सहा वाजतात. सेलमध्ये सहा क्वार्टचा, म्हणजे पावणेसहा लिटरच्या आसपासचा स्लो कुकर (विजेवर मंद आचेत तासन् तास शिजवणारं भांडं) घेतला, सकाळी त्यात इटालियन सॉसेजचं पाकीट, कांदा, ढोबळी मिरची, बटाटे, टोमॅटोचा डबा असं सगळं एकदम टाकलं, वर दोन कप पाणी, आणि लो वर लावून गेलात. संध्याकाळी झाकण उघडलं तर सॉसेज पांढरट-राखाडी, साल रबरी, आतून कोरडं भुसभुशीत, वर तेलाचा तवंग, मिरचीचा लगदा आणि बटाटे मात्र कचवट. धाकट्याने ताट सरकवलं. आता तुम्ही विचारताय की पुढच्या वेळी हाय वर लावू का, आणि पाणी किती घालू.

हाय-लो ने हे सुटणार नाही. बऱ्याच जणांना वाटतं लो म्हणजे कमी तापमान आणि हाय म्हणजे जास्त, पण बहुतेक स्लो कुकर दोन्हीवर शेवटी जवळपास तिथेच पोचतात, उकळीच्या जरा खाली, साधारण ९५ डिग्रीच्या आसपास. फरक पोचायला लागणाऱ्या वेळाचा आहे, हाय वर तीन-चार तास, लो वर सात-आठ. म्हणजे हाय वर दहा तास लावलंत तर तेच सॉसेज आणखी लवकर कोरडं होईल, बाकी काही नाही.

खरी अडचण अशी आहे की सॉसेज हे मुळात दहा तास शिजवायचं मटण नाहीच. मी मूळचा वसईचा, इथे मिसिसागात एका बँक्वेट हॉलच्या किचनमध्ये बरीच वर्षं काढली, आता घरगुती ऑर्डरी घेतो, आणि स्लो कुकर मी रोज वापरतो, त्यामुळे त्या भांड्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ते भांडं कशासाठी आहे ते बघा. डुकराचा खांद्याचा तुकडा घ्या, किंवा बीफचा चक, म्हणजे खांद्या-मानेकडचं मांस, त्यात स्नायूंच्या मध्ये चिवट पडदे असतात, ते तासन् तास ओल्या आचेवर ठेवले की विरघळून जिलेटिन होतात आणि मांस चमच्याने तुटायला लागतं. वेळ त्याला लागतो. सॉसेजमध्ये ते चिवट मांस आधीच यंत्रातून काढून खिमा केलेलं असतं. स्लो कुकर जे काम आठ तासांत करतो ते खाटकाच्या मिन्सरने दोन मिनिटांत उरकलेलं आहे. मग उरतं काय, तर फक्त आतून शिजणं, आणि पोर्क-बीफच्या सॉसेजला आत ७१ डिग्री झालं की ते शिजलं, चिकन-टर्कीच्या सॉसेजला ७४. त्यानंतरचा प्रत्येक तास म्हणजे आतला रस आणि चरबी पिळून बाहेर काढणं. तुम्हाला वर जो तवंग दिसला ती सॉसेजचीच चव होती, आतून बाहेर आलेली, म्हणून आत भुसभुशीत लागलं.

पांढरट रंगाचं कारण वेगळं. मांसाला तपकिरी रंग आणि तो भाजल्याचा वास यायला १४० डिग्रीच्या पुढे आच लागते आणि वरचा भाग कोरडा लागतो. स्लो कुकरमध्ये १०० च्या वर काही जात नाही, आणि आत तर सगळी वाफच. तुम्ही वीस तास ठेवलं तरी ते लाल होणार नाही. साल पण तसंच, कोरड्या आचेवर ते ताणून कुरकुरीत होतं, नुसत्या वाफेत ते ओलं लवचिक रबरच राहतं.

आणि बटाट्याचं कोडं, म्हणजे मिरची विरघळली पण बटाटा कच्चा, हे कसं, तर त्याला दोन गोष्टी जबाबदार आहेत. एक म्हणजे या भांड्यात आच कडेने आणि तळातून येते, तुम्ही बटाटे बहुतेक सगळ्यात शेवटी वर टाकले असणार. दुसरं म्हणजे टोमॅटो. आंबट पाण्यात बटाटा, गाजर, कडधान्य हे सगळं मऊ व्हायला फार वेळ घेतं, आपल्याकडे डाळीत चिंच-कोकम डाळ शिजल्यावर घालतात ते याचसाठी. त्यात मोठे तुकडे असतील तर मधला भाग कचवट राहणारच.

आता काय करायचं ते तुमच्या घड्याळावर आणि पाकिटावर अवलंबून आहे. पाकिटाचं आधी सांगतो, कारण तिथेच जास्त गोंधळ होतो. आपल्याकडे कोल्ड स्टोरेजच्या दुकानात जी कॉकटेल सॉसेजेस मिळायची ती आधीच शिजलेली असायची, त्यामुळे सॉसेज म्हणजे नुसतं परतून गरम करायचं असा आपला समज असतो. इथलं माइल्ड किंवा हॉट इटालियन, ब्राटवुर्स्ट, ब्रेकफास्ट सॉसेज हे बहुतेक वेळा पूर्ण कच्चं असतं. कीलबासा, डेब्रेसिनर, अँडूई ही सहसा धूर दिलेली आणि शिजलेली असतात. तुम्ही तर किचनरला, १९१६ पर्यंत ज्या गावाचं नावच बर्लिन होतं तिथे राहता, ऑक्टोबरफेस्ट नावाचं जर्मन धाटणीचं सॉसेज तुमच्याकडे ढीगभर मिळतं, पण तेसुद्धा कच्चं आणि शिजलेलं अशा दोन्ही प्रकारांत येतं, म्हणून लेबल वाचायचं. फुली कुक्ड लिहिलं असेल तर शिजलेलं, अनकुक्ड किंवा शिजवूनच खा असं लिहिलं असेल तर कच्चं. तुमच्या जवळच्या सेंट जेकब्सच्या बाजारातून सुटं घेत असाल तर काउंटरवर सरळ विचारा, तिथली माणसं न कंटाळता सांगतात.

आता तुमच्या साडेदहा तासांच्या दिवसाचं. मी असा दिवस असला की स्लो कुकरला सॉस करायला लावतो आणि सॉसेजला संध्याकाळी तव्यावर घेतो. तुम्ही म्हणाल मग स्लो कुकरचा उपयोग काय, तर अहो या भांड्याचा जन्मच बीन्ससाठी झालाय, आयर्विंग नॅक्सन नावाच्या गृहस्थांनी त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळवलं आणि ते 'नॅक्सन बीनरी' या नावाने विकलं जायचं, पुढे दुसऱ्या कंपनीने ते विकत घेतलं आणि १९७१ पासून क्रॉक-पॉट म्हणून आणलं. टोमॅटोचा सॉस, छोले, कांदा या गोष्टींना दहा तास काही बाधत नाहीत, उलट चांगलंच होतं.

चार माणसांचं माप देतो. रात्री मुलं झोपल्यावर दोन मोठे कांदे उभे चिरून तेलात नीट परतायचे, कडा तपकिरी होईपर्यंत. हे टाळू नका, कच्चा कांदा आणि कच्चा मसाला स्लो कुकरमध्ये घातला की दहा तासांनीसुद्धा तो कच्चट उग्र वास राहतोच, कारण तिथे परतणं असं काही होत नाही. कांदा झाला की चार-पाच पाकळ्या लसूण ठेचून आणि आमच्या वसईकडचा बॉटल मसाला (मिरची आणि बऱ्याच मसाल्यांची एकत्र पूड) एक चमचा, तो नसेल तर काश्मिरी मिरची पावडर आणि थोडा गरम मसाला, मुलं तिखट खात नसतील तर नुसती पॅप्रिका. मसाला तेलात अर्धा मिनिट हलवायचा आणि लगेच ७९६ मिलीचा क्रश्ड टोमॅटोचा डबा ओतायचा, म्हणजे मसाला जळत नाही. ५४० मिलीचा छोल्यांचा डबा निथळून धुऊन त्यात घाला, मीठ बेताने कारण सॉसेज खारट असतं, चिमूटभर साखर. पाणी अर्धा कप, डबा विसळून निघेल तेवढंच. तुमचे दोन कप हे गॅसवरचं माप झालं. गॅसवर वाफ उडून जाते, इथे झाकणाला लागून थेंब परत आत पडतात, त्यामुळे घातलेलं पाणी संध्याकाळी तेवढंच सापडतं.

हे सगळं गार करून डब्यात भरून फ्रीजमध्ये. स्लो कुकरचं चिनी मातीचं भांडं भरून तसंच फ्रीजमध्ये ठेवू नका, एक तर सकाळी ते थंडगार भांडं तापायला फार वेळ घेतं आणि दुसरं म्हणजे थंड भांडं एकदम गरम बेसवर ठेवलं की तडा जाऊ शकतो. सकाळी डबा भांड्यात रिकामा करायचा, लो, झाकण, निघा. भांडं अर्ध्यापर्यंत तरी भरलेलं असावं, सहा क्वार्टमध्ये हे एवढंसं माप कडेने करपू शकतं, म्हणून खरं तर मी दुप्पटच करतो आणि अर्धं फ्रीझरला टाकतो, पुढच्या आठवड्याची सोय.

संध्याकाळी घरात शिरल्यावर आधी पास्त्याचं पाणी चढवा नाहीतर भाताचा कुकर लावा. जाड बुडाचा तवा मध्यम आचेवर, अर्धा चमचा तेल, पाच सॉसेज, पाकिटात साधारण अर्धा किलो येतात ती. टोचू नका, भोकं पाडली की रस तव्यात जातो. ठेवल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही, सुरुवातीला साल तव्याला धरतं आणि तुम्ही ओढाल तर फाटेल, खाली तपकिरी झालं की ते आपणहून सोडतं, मग चतकोर फिरवायचं. सगळ्या बाजूंनी रंग आला की दोन चमचे पाणी शिंपडून झाकण, पाच-सहा मिनिटं, आच बारीक. एकूण पंधरा मिनिटांच्या आसपास. आत स्वयंपाकाचा थर्मामीटर टोकाकडून लांबीत घालून बघा, ७१ दाखवलं की झालं. थर्मामीटर नसेल तर घ्याच, तो स्वस्तात मिळतो, कारण पोर्कचं सॉसेज कधीकधी पूर्ण शिजूनही आतून गुलाबी दिसतं आणि कधी कच्चं असूनही राखाडी, नुसत्या रंगावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

सॉसेज बाजूला काढून त्याच तव्यात ढोबळी मिरचीच्या जाड पट्ट्या मोठ्या आचेवर तीन मिनिटं. मग स्लो कुकरमधला एक डाव सॉस तव्यात घालून चमच्याने तळाची खरवड सोडवायची, ती खरवड म्हणजेच तुम्हाला दहा तासांत न मिळालेला भाजल्याचा वास, आणि ते सगळं परत स्लो कुकरमध्ये. सॉसेज पाच मिनिटं तसंच राहू द्या, मग जाड तिरक्या चकत्या करून सॉसमध्ये सोडा. साडेसहाला ताटं वाढून होतात.

आणि बटाटे या भानगडीतून काढूनच टाका. वेगळे उकडून लोणी घालून कुस्करून त्यावर हा सॉस वाढला तर इंग्लिश लोक सॉसेज-मॅश खातात तसं होतं, मुलांना हमखास आवडतं. अगदीच आत हवे असतील तर अर्ध्या इंचाचे तुकडे, सगळ्यात खाली, आणि शक्यतो टोमॅटो नसलेल्या रश्श्यात.

समजा संध्याकाळी तवा चढवायचंही त्राण नाही, असे दिवस असतातच, तर शिजलेलं, धूर दिलेलं सॉसेज घ्या. कीलबासा किंवा शिजलेलं ऑक्टोबरफेस्ट, बोटभर जाडीच्या चकत्या, खाली छोटे बटाटे, वर कोबी जाड चिरून, एक सफरचंद, थोडं जिरं, अर्धा कप पाणी. हे लो वर सात-आठ तास व्यवस्थित निभावतं कारण धूर दिलेल्या सॉसेजचं मांस घट्ट बांधलेलं असतं आणि चव धुरातून आधीच आलेली असते, तपकिरी करण्यावर ते अवलंबून नसतं. ते अगदी रसाळ राहतं असं मी म्हणणार नाही, थोडं कोरडं होतंच, पण कोबी त्याची चव पिऊन घेते आणि खरं सांगायचं तर त्या जेवणात कोबीच खायची असते. वरून मोहरीचा सॉस.

कुकरला टायमर असेल, म्हणजे ठरवलेल्या वेळाने आपोआप वॉर्म वर जाणारा, तर पाच-सहा तास लो आणि पुढे वॉर्म असं लावलं की आणखी बरं. वॉर्म वर अन्न ६० च्या वर राहतं, त्यामुळे दोन-चार तास काळजी नाही. पण उलटा टायमर, म्हणजे सकाळी भरून ठेवायचं आणि दुपारी बाराला चालू व्हायचं, हे कच्च्या मांसाबरोबर कृपया करू नका. ४ ते ६० डिग्रीच्या मध्ये जंतू भराभर वाढतात, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही हा नियम सगळ्या किचन्समध्ये पाळतात तो उगाच नाही. त्याच कारणाने फ्रीझरमधलं दगड झालेलं सॉसेज थेट स्लो कुकरमध्ये टाकायचं नाही, आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये आणून ठेवायचं. आणि एक गोष्ट बरेच जण करतात, रात्री सॉसेज वरवर लाल करून अर्धंकच्चं फ्रीजला, सकाळी कुकरमध्ये. तेही नको, अर्धवट तापवून गार केलेलं मांस म्हणजे जंतूंना आयतं घर. रात्री करायचंच असेल तर आतपर्यंत पूर्ण शिजवा आणि मग ठेवा.

शनिवार-रविवारी घरी असाल तेव्हा मात्र कच्चं इटालियन सॉसेज स्लो कुकरमध्ये जरूर करा. वरच्यासारखं तव्यावर चांगलं लाल करून, आतून शिजायची वाट न बघता लगेच गरम सॉसमध्ये, लो वर चार तासांच्या आसपास, हाय वर दोन-अडीच. तुमचा कुकर किती भरलाय आणि किती जुना आहे यावर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होईल. शेवटच्या तासात मिरची घाला म्हणजे लगदा होत नाही. सारखं झाकण उघडू नका, एकदा उघडलं की गेलेली वाफ भरून यायला पंधरा-वीस मिनिटं जातात. वरचा तवंग ताटात वाढायच्या वेळी डावाने कडेने काढून टाका, झाकण काढून दहा मिनिटं शांत ठेवलं की तो एका जागी जमतो. क्रीम किंवा दूध घालणार असाल तर अगदी शेवटी, आधी घातलं की फाटतं.

तुमच्या त्या डब्याच्या छोल्यांऐवजी घरचा राजमा घालायचा विचार आला असेल तर थांबा. कोरडा लाल राजमा कच्चा स्लो कुकरमध्ये कधीच घालायचा नाही. त्यात एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळत्या उकळीने जातं, पण स्लो कुकर ज्या मंद आचेवर तासन् तास रेंगाळतो तिथे ते जात नाही, उलट त्रास वाढू शकतो, आणि चार-पाच दाण्यांनीसुद्धा माणूस उलट्या करून बेजार होतो. आपल्याकडे कोणाला हे माहीत नसतं कारण आपण राजमा प्रेशर कुकरला लावतो, तिथे प्रश्नच येत नाही. तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, प्रेशर कुकरमध्ये मऊ करा आणि मग सॉसमध्ये घाला. मऊ झाल्यावरच, टोमॅटोत गेला की पुढे तो शिजणार नाही, बटाट्याचंच कारण.

जाता जाता एक अपवाद, कारण तुम्ही शेवटी गोव्याच्या सॉसेजबद्दलही विचारलं होतं. ते प्रकरण पूर्ण वेगळं. गोव्याच्या चोरीसमध्ये खिमा नसतो, मांसाचे आणि चरबीचे चिरलेले तुकडे असतात, व्हिनेगर, मिरची, लसूण, मीठ यात मुरवून आतड्यात भरून सुतळीने मण्यांसारखे बांधलेले आणि उन्हात-धुरात वाळवलेले. तुकडे आहेत आणि वाळलेले आहेत, म्हणजे त्यांना मऊ व्हायला वेळ आणि ओलावा दोन्ही हवं, आणि स्लो कुकर नेमकं तेच देतो. सुतळी आणि साल काढून आतलं मोकळं करायचं, परतायची गरज नाही, भरपूर कांदा, अर्धा कप पाणी, लो वर सहा-सात तास. मीठ अजिबात नाही. बटाटे हवेत तर त्यातल्या व्हिनेगरमुळे ते अडून बसतात, म्हणून वेगळे उकडून शेवटी मिसळा. पावाबरोबर खा, किंवा उरलेल्याचा पुलाव. मिसिसागात गोवेकर मंडळी बरीच आहेत, त्यांच्या दुकानांतून इथेच बनवलेलं मिळतं. सुट्टीवरून येताना बॅगेतून आणायच्या फंदात पडू नका, विमानतळावर काढून घेतात आणि वर दंडही लागू शकतो.

उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रीजला, तीन-चार दिवस छान राहतं. परत गरम करताना गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये, स्लो कुकरमध्ये नको, त्याला तापायलाच फार वेळ लागतो.

तुमच्या कुकरला टायमर आहे की नुसतं गोल बटण, ते लिहा. गोल बटणवाला असेल तर कोबी-कीलबासाचं माप थोडं बदलून देतो, कारण साडेदहा तास सरळ लो वर म्हटलं की पाणी आणि तुकड्यांची जाडी दोन्ही वाढवायला लागतील.